परवलीचा शब्द आणि हातातली किल्ली



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही स्नेह्यांनी आम्हांला विचारले, की कामगारांच्या पगारवाढीसाठी भांडणाऱ्या माणसाने संगणकाच्या कुलूपकिल्ल्यांवर काय म्हणून बोलावे? प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत फार झाले. पण त्या कचेरीत हल्ली जी गाऱ्हाणी येतात त्यांत पगाराच्या आणि बोनसच्या बरोबरीने एक नवे गाऱ्हाणे असते: ‘साहेब, माझे खाते उघडत नाही.’ मजुराचा पगार बँकेत जातो, फंडाची पुंजी सरकारी संकेतस्थळावर दिसते, गावी पैसे मोबाईलवरून जातात. या सगळ्याच्या दाराशी एक पासवर्ड उभा आहे. तो विसरला तर दार बंद आणि दुसऱ्याला कळला तर घर मोकळे. ज्या कुलपाआड कष्टाची कमाई आहे त्या कुलपाचा इतिहास जाणून घेणे हे चळवळीचेच काम आहे, असे आमचे मत आहे.

अलीकडे या कुलपाला ‘पासकी’ नावाची नवी किल्ली आली आहे. ती काय आहे, कशी करावी, हे आम्ही पुढे सांगूच. परंतु तिच्या आधी काय होते आणि ते का मोडले, हे कळल्याशिवाय तिचे महत्त्व कळणार नाही.

परवलीचा शब्द ही फार जुनी युक्ती आहे. रोमन फौजेचे वर्णन करताना पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने तिची रीत नोंदवून ठेवली आहे. सूर्यास्ताच्या सुमारास अधिकाऱ्याच्या तंबूतून लाकडी पाटीवर शब्द लिहून निघे, ती पाटी एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जात जात अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत येई. एखादी पाटी परतली नाही तर ती कोठे अडली याचा लगेच शोध होई आणि दोषी माणसाला शिक्षा होई. यातली खरी मेख अशी, की शब्दाचे आयुष्य एका रात्रीचे धरलेले होते. दोघांना ठाऊक असलेले गुपित फार दिवस टिकत नाही, गोष्ट षट्कर्णी झाली की संपली, हे त्या शिपाईगड्यांना पक्के माहीत होते.

संगणकवाल्यांनी ही युक्ती उचलली, पण तिच्यातला हा शहाणपणा मागे राहिला. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयात, म्हणजे एमआयटीत, फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच यंत्रावर अनेकांनी एका वेळी काम करण्याची पद्धत दाखवली. यंत्र एक, माणसे अनेक. तेव्हा प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत आणि वेळेचा हिशेब लागावा म्हणून ज्याला त्याला पासवर्ड दिला. हे सारे पासवर्ड यंत्राच्याच एका यादीत लिहून ठेवलेले असत. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, अॅलन शेर नावाच्या संशोधकाला वाट्याला आलेला यंत्राचा वेळ पुरेना, म्हणून त्याने ती यादीच यंत्राकडून छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावांवर आपले काम उरकले. १९६६ साली तर याहून नवल घडले. दोन फायलींची अदलाबदल होऊन यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच दिसू लागली! या दोन्ही प्रसंगांत एकाही वापरणाऱ्याने आपला शब्द कोणाला सांगितला नव्हता. गळती झाली ती दप्तरातून, म्हणजे ज्याच्याकडे सर्वांची गुपिते जमा होती त्याच्याकडून. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढची साठ वर्षे हीच कथा मोठ्या आकड्यांत पुन्हा पुन्हा घडली आहे.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी त्याच दशकात एक सुरेख कल्पना काढली. धान्य दळले की पीठ होते, पण पिठाचे पुन्हा धान्य होत नाही. तसे गणिताने पासवर्ड दळावा आणि दप्तरात फक्त पीठ ठेवावे. माणूस पुन्हा आला की त्याचा शब्द पुन्हा दळून पिठाशी पीठ ताडून पाहावे. चोराने दप्तर फोडले तरी त्याच्या हाती पीठच येईल. ही योजना चांगली होती; पण चोरालाही जाते मिळाले. तो शब्दकोशातला एकेक शब्द दळतो आणि कोणते पीठ जुळते ते पाहतो. १९७९ साली बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ३,२८९ पासवर्ड गोळा करून तपासले. त्यांतले ८६ टक्के एक तर फार आखूड होते, नाही तर शब्दकोशात आणि नावांच्या याद्यांत सापडणारे होते.

येथून इतिहासाला एक वळण लागले आणि आमच्या मते ते चुकीचे वळण होते. माणसे सोपे शब्द निवडतात, तेव्हा दोष माणसांचा, असे ठरून गेले. मग नियमांची सरबत्ती सुरू झाली. अमेरिकेच्या मानक संस्थेचे बिल बर यांनी २००३ साली जी नियमावली लिहिली तिच्यातून मोठे अक्षर घाला, लहान अक्षर घाला, आकडा घाला, चिन्ह घाला, ठरावीक दिवसांनी बदला, असा पाठ जगभर पसरला. माणसाने काय केले? नातवाच्या नावापुढे एक आकडा आणि एक चिन्ह लावले आणि तीन महिन्यांनी एकाचे दोन केले. शब्द आठवेना म्हणून पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. २०१७ साली बर यांनी त्यातील बऱ्याच सांगण्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला आणि त्याच वर्षी त्या संस्थेने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याचा आग्रह सोडला. चौदा वर्षे कोट्यवधी माणसांनी जो जाच सोसला त्याचा हिशेब मात्र कोणी दिला नाही.

गिरण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. पट्ट्यात हात सापडला की ‘गडी बेसावध होता’ असे म्हणण्याची जुनी वहिवाट होती. भिंतीवर ‘सावध राहा’ अशी पाटी लावली की मालकाचे कर्तव्य संपले. वस्तुतः बारा तास उभे राहून थकलेला माणूस क्षणभर बेसावध होणारच. म्हणून उघड्या चाकाला कठडा घातला पाहिजे, ही साधी गोष्ट कायद्याला मान्य करावी लागली. आपल्याकडे १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याचे कलम आले आणि १९२३ च्या कायद्याने अपघाताच्या भरपाईचा हक्क मिळाला. कामगार चळवळीची शिकवण अशी, की जे यंत्र माणूस सदैव सावध राहील असे गृहीत धरते ते यंत्रच सदोष आहे. पासवर्ड हे असे कठडा नसलेले यंत्र होते.

आणि यंत्राचे मालक किती सावध होते? २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले. ते दळलेलेसुद्धा नव्हते, जसेच्या तसे लिहून ठेवले होते. त्यांतला सर्वांत लोकप्रिय शब्द होता ‘१२३४५६’. लोक त्यावर हसले. पण ती यादी उघडी ठेवणाऱ्यांना हसणारे थोडे निघाले. २०१३ साली याहूच्या दप्तरात चोरी झाली आणि तिचा फटका सगळ्याच्या सगळ्या ३०० कोटी खात्यांना बसला होता, हे चार वर्षांनी, २०१७ साली कळले. माणूस एकच शब्द दहा ठिकाणी वापरतो, त्यामुळे एका घरची चोरी दहा घरांची चोरी होते.

आपल्या देशात यावर दुसरा पहारा बसवला गेला. रिझर्व्ह बँकेने २००९ च्या ऑगस्टपासून कार्डाने होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी तपासणी सक्तीची केली आणि पुढे ती ओटीपीच्या रूपाने घराघरांत पोचली. हा आकडा काही मिनिटांत मरतो, म्हणजे रोमन शिपायांचे शहाणपण थोडे परत आले, असे म्हणता येईल. त्याने पुष्कळ चोऱ्या टाळल्या हे मान्य केले पाहिजे. तरीही तो परवलीचाच शब्द आहे. तो वाचता येतो, म्हणून फोनवर गोड बोलून विचारताही येतो. हुबेहूब बँकेसारखे पान उभे करून तेथे टाकवून घेता येतो. या गळ टाकण्याच्या धंद्याला फिशिंग म्हणतात. माणसाने शब्द टाकला की गळवाला तोच शब्द त्या क्षणी खऱ्या बँकेत वापरतो. आमच्याकडे आलेल्या एका बांधकाम मजुराच्या फंडाच्या खात्याला मोबाईल नंबर लावला होता तो ठेकेदाराच्या कारकुनाचा. ओटीपी येई तो कारकुनाकडे. मजुराला आपल्याच पैशाचे दार उघडायला दुसऱ्याची परवानगी लागत होती.

आता गणिताकडे वळू. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक क्रांतिकारक निबंध लिहिला. (ब्रिटनच्या गुप्तलेखन खात्यातील जेम्स एलिस यांना मूळ कल्पना १९७० सालीच सुचली होती, पण ती सरकारी पेटीत बंद राहिली आणि १९९७ साली उघड झाली.) कल्पना अशी: किल्ली एक नको, जोडीची असावी. एक खाजगी, एक जाहीर. खाजगी किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने पडताळता येते. पण जाहीर किल्लीवरून खाजगी किल्ली कोणती ते काढता येत नाही. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन या तिघांनी ती प्रत्यक्ष वापरण्याजोगी रीत सिद्ध केली.

मराठी माणसाला हे समजायला अवघड नाही. मराठेशाहीच्या पत्रांवर मुद्रा असे आणि शेवटी मोर्तब. शिक्का धन्याजवळ राही, प्रवासाला जाई तो त्याचा उठाव. पत्र घेणारा उठाव पाहून खातरजमा करी, त्याला शिक्का मागण्याचे कारण नव्हते. जोडकिल्लीत हेच आहे, फक्त एक दोष काढून टाकला आहे. शिक्क्याचा उठाव कारागीर नक्कल करू शकतो. येथे दर वेळी नवा कागद पुढे येतो आणि त्यावरची सही त्या कागदापुरतीच असते, म्हणून काल चोरलेली सही आज निरुपयोगी ठरते.

ही विद्या आपल्या कायद्यानेही २००० साली मान्य केली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील डिजिटल सही याच जोडकिल्लीवर उभी होती. पण ती कोणाच्या हाती आली? कंपन्यांच्या संचालकांच्या, हिशेबनिसांच्या, मालकांच्या. फंडाची रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ऑनलाइन नेण्याची सोय २०१३ साली झाली तेव्हा दावा तपासून पुढे पाठवणाऱ्या मालकाजवळ डिजिटल सही होती. पुढच्या वर्षी यूएएन नंबर आला आणि कामगाराला मिळाला पासवर्ड आणि ओटीपी. एकाच दाराला मालकासाठी किल्ली आणि कामगारासाठी शब्द! हा कोणाचा कट होता असे आम्ही म्हणत नाही. ती किल्ली महाग आणि किचकट होती एवढेच. पण मजबूत वस्तू आधी वर पोचते आणि खाली पोचायला पंधरावीस वर्षे लागतात, हा या इतिहासाचा नियमच दिसतो.

ती किल्ली साध्या माणसाच्या खिशात आणण्याचे काम २०१२ साली सुरू झाले. पासवर्डावरचे अवलंबन कमी करण्यासाठी काही कंपन्यांनी ‘फिडो’ नावाचा संघ स्थापला आणि पुढच्या वर्षी तो जाहीर झाला. आधी यूएसबीच्या छोट्या किल्ल्या आल्या. गुगलने २०१७ च्या आरंभापासून आपल्या ८५ हजारांहून अधिक नोकरांना त्या वापरायला लावल्या. तेव्हापासून कामाच्या एकाही खात्यावर फिशिंगने ताबा गेला नाही, असे कंपनीने २०१८ साली सांगितले. त्याहून बोलका प्रसंग २०२२ च्या जुलैमधला. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या नोकरांना गळाचे संदेश आले आणि तिघांनी खोट्या पानावर पासवर्ड टाकलेही. संगणकातच वावरणारी ही माणसे, तीही फसली. पण किल्लीवाचून दार उघडेना, म्हणून चोर हात हलवीत परत गेले. त्याच मोहिमेत ट्विलिओ ही दुसरी कंपनी मात्र फुटली. ‘माणूस सावध असावा’ आणि ‘चाकाला कठडा असावा’ यांतला फरक याहून स्पष्ट कसा दाखवणार?

२०१९ च्या मार्चमध्ये जगाच्या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने ही पद्धत मानक म्हणून मान्य केली. मे २०२२ मध्ये अॅपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट या तीन स्पर्धकांनी तिला मिळून पाठिंबा जाहीर केला. त्याच वर्षी ती आयफोनवर आली, २०२३ च्या मे महिन्यात गुगलच्या खात्यांना मिळाली आणि २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या घरगुती खात्यांना. हीच ती पासकी.

ती चालते अशी. आपण एखाद्या खात्यासाठी पासकी केली की मोबाईल किल्ल्यांची एक नवी जोडी घडवतो. जाहीर किल्ली कंपनीकडे जाते, खाजगी किल्ली आपल्याकडे राहते. पुढे आपण दाराशी गेलो की कंपनी एक नवाकोरा आकडा पाठवते. मोबाईल आपले बोट, चेहरा किंवा कुलपाचा पिन विचारतो आणि त्या आकड्यावर सही करून देतो. आपले बोट कंपनीला जात नाही. ते फक्त मोबाईलातली पेटी उघडते. कंपनीचे दप्तर फुटले तर चोराच्या हाती जाहीर किल्ल्या लागतील, त्यांचा त्याला उपयोग नाही. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक किल्ली एकाच संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्त्यात एक अक्षर इकडचे तिकडे असले तरी आपला डोळा फसेल, मोबाईल फसत नाही. खोट्या दाराला तो किल्ली दाखवतच नाही. फोनवर कोणी मागितली तरी सांगायला आपल्याजवळ शब्दच नसतो.

करायची रीतही साधी आहे. मोबाईलला आधी पडद्याचे कुलूप हवे. गुगलच्या खात्यासाठी अँड्रॉइड ९ किंवा आयफोनची १६ वी आवृत्ती, निदान एवढे जुने तरी चालते. खात्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षिततेच्या पानावर ‘पासकी’ असे लिहिलेले असते. तेथे नवी पासकी करा असे म्हणावे आणि बोट लावावे, एवढ्यात काम होते. मात्र ती आपल्याच मोबाईलवर करावी, चौकातल्या दुकानातील संगणकावर कधीही करू नये. तेथे काम पडलेच तर पडद्यावर येणारा क्यूआर चौकोन आपल्या मोबाईलने टिपावा. मोबाईल त्या संगणकाजवळ आहे की नाही हे ब्लूटूथने पाहिले जाते आणि किल्ली मोबाईलातच राहते. शक्य असेल तर घरातील दुसऱ्या साधनावरही एक पासकी करून ठेवावी. मोबाईल हरवला तर खात्यात जाऊन त्यावरची पासकी रद्द करावी. आणि आपल्या कुलपाचा पिन ज्याला ठाऊक आहे त्याला आपल्या किल्ल्याही मिळाल्या असे समजावे.

येथवर स्तुती झाली, आता शंका. पासकी आल्याने लबाडी संपेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पोलीस असल्याची बतावणी करून भेदरवले आणि माणसाने आपल्याच हाताने पैसे पाठवले, तर किल्ली काय करणार? पासकी केल्यावरही जुना पासवर्ड बहुधा मागच्या दाराला तसाच लटकत असतो. चोर पुढच्या दाराने येईल असा नियम नाही. शिवाय मोबाईल हरवला तरी किल्ली हरवू नये म्हणून तिची प्रत गुगलच्या किंवा अॅपलच्या पेटीत बंदिस्त करून ठेवली जाते. सोय मोठी आहे. पण एका कंपनीच्या पेटीतून दुसरीच्या पेटीत किल्ल्या नेता आल्या नाहीत तर माणूस कंपनीला बांधला जातो. त्यासाठीचे मसुदे फिडोने २०२४ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध केले. ते सर्वांनी पाळावेत यासाठी दबाव हवा. आणि ज्या घरात चौघांत एकच जुना मोबाईल आहे, त्या घराचे काय?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या सप्टेंबरात नवे निर्देश काढून तपासणीसाठी एसएमएसच्या ओटीपीपलीकडच्या मार्गांनाही वाव दिला आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरवली. दार किलकिले झाले आहे. या दारातून पासकी बँकेच्या मोठ्या खातेदाराकडे आधी आणि मजुराकडे वीस वर्षांनी, असे पुन्हा होऊ देता कामा नये. फंडाच्या, विम्याच्या, पेन्शनीच्या खात्यांना ती मिळावी. ज्याच्याजवळ तसा मोबाईल नाही त्याच्यासाठी माणूस बसलेली खिडकी उघडी राहावी. किल्ली हरवली तर ओळख पटवून नवी देण्याची रीत लिखित आणि मुदतीची असावी. आणि चोरी झाली की ‘ग्राहक बेसावध होता’ हे पहिले वाक्य बोलण्याआधी कठडा होता की नव्हता, हे तपासले जावे.

गिरणीतल्या चाकांना कठडे आपोआप बसले नाहीत. ते बसवावेत असे म्हणणारी माणसे आधी चाक कसे फिरते ते शिकली. आजच्या श्रोत्यांनी घरी जाऊन आपल्या एका खात्याला पासकी करून पाहावी आणि नंतर शेजाऱ्याला दाखवावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.